आकाश आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते : एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा शिक्षकदालनात एका सहकाऱ्याने मला विचारले, ‘तुम्ही तर बी. ए. आहात, इतिहास शिकविता. आकाशाशी तुमचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. माझ्या घरी दुर्बीण नाही. जे थोडे ठाऊक आहे ते पुस्तके वाचून आणि गच्चीवर उभे राहून मिळविलेले आहे. परंतु आकाशाचा अभ्यास मी का सुरू केला, त्यामागे माझी एक चूक आहे. ती चूक आज तुमच्यासमोर कबूल करावी आणि त्या निमित्ताने चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी सकाळी शेजारच्या घरांवर गुढ्या उभारल्या होत्या, आणि संध्याकाळी रमजानचा चांद पाहण्यासाठी आपण सारे गच्चीवर गेलो होतो. चैत्राची प्रतिपदा आणि रमजानचा चांद एकाच दिवशी आले यात नवल काही नाही. दोन्हींचे महिने एकाच चंद्रावर चालतात. आदल्या दिवशी, १ एप्रिलला, दुपारी बाराच्या सुमारास अमावास्येचा क्षण होऊन गेला होता. म्हणजे मगरिबच्या वेळी चंद्राचे वय सुमारे ३१ तास होते. चांद दिसला, मुबारकबादी झाली, मुले खाली पळाली. मोठी माणसे तरावीहच्या तयारीत होती.

इतक्यात, पावणेआठच्या सुमारास, आकाशात उजेडाचा एक पट्टा दिसू लागला. एक नव्हे, एकामागे एक असे कितीतरी जळते तुकडे, लांब शेपट्या सोडीत, संथपणे आडवे चालले होते. अकोला, बुलढाणा, जळगाव, नागपूर, तिकडे मध्य प्रदेशात बैतूल, इंदूर, भोपाळ, सगळीकडे लोकांनी ते पाहिले. आमच्या गल्लीत कोणी म्हणाले विमान पेटले, कोणी म्हणाले क्षेपणास्त्र सुटले. एका वृद्ध खालांनी डोक्यावर पदर घेऊन तौबा म्हणावयास सुरुवात केली. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण गल्लीत मास्तर मी एकटाच. मी मोठ्या खात्रीने सांगून टाकले, ‘घाबरू नका. ती उल्का आहे. तारा तुटला म्हणतात तो हाच.’ लोकांचे समाधान झाले. माझेही झाले.

सोमवारी वर्गात हाच विषय निघाला. मी तेच उत्तर दिले. तेव्हा आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, मी तीसपर्यंत आकडे मोजले तरी ते जातच होते. उल्का एवढा वेळ दिसते का?’

मला उत्तर येत नव्हते. ‘मला ठाऊक नाही, शोधून सांगतो,’ एवढे मी म्हणू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, ‘बस खाली. धड्याकडे लक्ष दे.’ ती बसली. वर्गातली दोन-चार मुले हसली. मित्रहो, शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुकांमध्ये चुकीचे उत्तर देणे ही लहान चूक होय. बरोबर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसविणे ही मोठी.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचले आणि माझी मान खाली गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात त्याच रात्री आभाळातून धातूचे एक मोठे कडे पडले होते. त्याचा व्यास सुमारे तीन मीटर. त्याच तालुक्यात पवनपार येथे धातूचा एक पोकळ गोळाही सापडला. अवकाशातील वस्तूंचा माग ठेवणाऱ्या जाणकारांनी सांगितले की, चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘लाँग मार्च ३-बी’ या अग्निबाणाचा तो तिसरा टप्पा असावा. उपग्रह वर पोचवून झाल्यावर रिकामा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत राहिला, हळूहळू खाली येत गेला आणि त्या संध्याकाळी आपल्या वऱ्हाडावरून जळत गेला. पुढे आपल्या ‘इस्रो’चे शास्त्रज्ञ येऊन ते तुकडे पाहून गेले.

त्या मुलीने केलेल्या मोजणीत किती शास्त्र होते ते पाहा. उल्का म्हणजे बहुधा वाळूच्या खड्याएवढा किंवा वाटाण्याएवढा कण. तो सूर्याभोवती फिरत असताना पृथ्वीच्या वाटेत येतो, आणि सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगाने हवेत शिरतो. जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर तो तापून चमकतो आणि एक-दोन सेकंदांत संपतो. अग्निबाणाचा रिकामा टप्पा मात्र पृथ्वीभोवतीच फिरत असतो. त्याचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर, आणि तो जवळजवळ आडवा येत असल्यामुळे शेकडो किलोमीटर प्रवास करीत जळतो. म्हणून तो संथ दिसतो, त्याचे तुकडे ओळीने चालतात आणि हा देखावा मिनिटभरही टिकतो. दोहोंतील फरक ओळखण्यास दुर्बीण लागत नाही, मोजता आले की पुरे. त्या रात्री गच्चीवर मोजणारी ती एकटी होती. आम्ही बाकीचे नुसते पाहत होतो.

मी वर्गात जाऊन सर्वांसमोर सांगितले, ‘परवा माझे उत्तर चुकले होते, आणि हिचा प्रश्न बरोबर होता.’ त्या दिवसापासून मी आकाशाची पुस्तके वाचू लागलो.

आता कोणी म्हणेल, त्या दिवशी पडले ते माणसाने बनविलेले लोखंड. खरा आभाळाचा दगड कोणी पाहिला आहे? त्यांना माझी विनंती आहे की, एक दिवस सवड काढून मुलांना लोणारला घेऊन जावे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार आपल्या वऱ्हाडातच आहे. अकोल्याहून सकाळी निघाले तर संध्याकाळी घरी परत येता येते. जगातून माणसे ते पाहण्यासाठी येतात, आणि आपल्या कितीतरी मुलांनी ते पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिलेले नसते.

लोणारच्या काठावर उभे राहिले म्हणजे जमिनीत एखादी प्रचंड परात ठेवल्यासारखे दिसते. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर, आणि तळाशी खारे पाणी. येथला कातळ काळा, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे पुष्कळ काळ लोक समजत की, हे विवरही ज्वालामुखीचेच. परंतु १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे पाडून काढलेले नमुने तपासून प्रसिद्ध केले. त्यांत त्यांना अशी काच सापडली की, जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबाने तयार होते. ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेने ती होत नाही. म्हणजे आकाशातून आलेल्या दगडाने हे विवर पाडले हे सिद्ध झाले. ही घटना किती जुनी, याविषयी मात्र आजही मतभेद आहेत. एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात, दुसऱ्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. शास्त्रज्ञ हा मतभेद लपवीत नाहीत. तो उघड मांडून पुढचे मोजमाप करतात. विद्यार्थ्यांनी ही रीत शिकण्यासारखी आहे.

चंद्रावर आणि मंगळावर जो कातळ आहे त्याच जातीच्या कातळात पडलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार हवे असते. अकबर बादशहाच्या काळातील ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ तेथे मिळतात, असे त्यात म्हटले आहे. जून २०२० मध्ये त्या सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले तेव्हाही नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा कळले की, पाणी आटून खारटपणा वाढल्यामुळे मिठात जगणारे सूक्ष्म जीव बळावले होते आणि तो रंग त्यांचा होता. त्याच वर्षी लोणारला ‘रामसर’ यादीत स्थान मिळून ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ ठिकाण ठरले.

अफवेचा विषय निघाला म्हणून सांगतो. ग्रहण लागले की, आपल्याही काही घरांत गरोदर बाईला कोंडून ठेवतात, सुरीला हात लावू देत नाहीत. हे कोठून आले ठाऊक नाही, पण आपल्या धर्मातून आलेले नाही. हजरत पैगंबरांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, सूर्यालाही दुःख झाले. त्यावर खुद्द पैगंबरांनी लोकांना समजाविले की, कोणाच्या जन्माने वा मृत्यूने ग्रहण लागत नसते. स्वतःच्या दुःखाच्या दिवशीही ज्यांनी अशी समजूत खोडून काढली, त्यांच्या उम्मतीने चंद्राच्या सावलीला भ्यावे काय? नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, हे मात्र खरे. त्याने डोळ्याचा पडदा जळतो, आणि तो ग्रहणातच नव्हे तर रोजच जळेल.

आता आपल्या दिनदर्शिकेकडे वळू. चंद्राचा महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा असतो, म्हणून तो कधी २९ चा तर कधी ३० चा येतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ दिवसांनी मोठे. म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. ज्यांनी वऱ्हाडच्या मे महिन्यात रोजे ठेवले आहेत त्यांना हे गणित वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही!

पण शेती चंद्रावर चालत नाही. पेरणीला सूर्य लागतो. म्हणून आपले शेतकरी आजोबा रोजे चंद्रावर ठेवीत आणि कपाशीचे बियाणे मिरग लागला की काढीत. मिरग म्हणजे मृग नक्षत्र, साधारण ७ जूनला लागणारे. एकाच घरात दोन पंचांगे सुखाने नांदत होती. इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. दख्खनमध्ये सुहूर सन नावाची कालगणना चालत असे. तिचे वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, सलास, अर्बा, खमस असे. पण तिचे वर्ष सुरू होई सूर्य मृग नक्षत्रात शिरला म्हणजे, म्हणून तिला मृगसाल असेही म्हणत. शिवाजी महाराजांच्या आणि पेशव्यांच्या कागदपत्रांत ही कालगणना जागोजाग आढळते. आकडे अरबी, आरंभ मिरगाचा आणि पत्र मराठी. आपण या मातीत कसे मिसळलो आहोत, याचा याहून सुंदर पुरावा मला ठाऊक नाही.

विद्यार्थ्यांनो, येथे एक कोडे घालतो. मिरग जूनमध्ये लागतो, मग जूनच्या रात्री मृग नक्षत्र आकाशात दिसते का? दिसत नाही. कारण त्या वेळी सूर्य त्याच तारकांच्या बाजूला असतो. त्या दिवसा उगवतात आणि दिवसाच मावळतात. मृग पाहावयाचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या जेवणानंतर गच्चीवर जा. चार तारकांचा चौकोन आणि त्यामध्ये सरळ रेषेत तीन तारका दिसतील. त्या तिन्हींची रेषा एकीकडे वाढविली की, व्याध हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा सापडतो. कुरआन शरीफमध्ये ‘शिअरा’ या नावाने ज्याचा उल्लेख आहे तो हाच. दुसरीकडे वाढविली की तांबूस रोहिणी आणि त्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरन म्हणतात. तो शब्द अरबी ‘अद्-दबरान’वरून आला. अर्थ : मागून येणारा, कारण हा तारा कृत्तिकांच्या मागून उगवतो.

अशी कितीतरी नावे आहेत. अभिजित म्हणजे व्हेगा, हे नाव ‘वाकिअ’ या शब्दावरून. श्रवण म्हणजे अल्टेअर, ‘ताइर’वरून, म्हणजे उडणारा. रायजेल म्हणजे ‘रिज्ल’, पाय. फोमलहौट म्हणजे ‘फम अल-हूत’, माशाचे तोंड. आज जगातला कोणताही खगोलशास्त्रज्ञ बोलताना हे अरबी शब्द वापरतो. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी दहाव्या शतकात ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. देवयानी तारकासमूहातील अंधुक ढगाची नोंद त्यात आहे. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी दीर्घिका, हे विसाव्या शतकात कळले. भारतातील ब्रह्मगुप्ताचे गणित आठव्या शतकात बगदादला गेले आणि तेथे अरबीत उतरले. अल-बिरुनी भारताच्या अभ्यासासाठी संस्कृत शिकले आणि अकराव्या शतकात त्यांनी या देशावर ग्रंथ लिहिला. विद्या अशी दोन्ही बाजूंनी ये-जा करीत होती.

आपल्या अकोला जिल्ह्यात बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. त्यांच्याच वंशातील सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथे वेधशाळा बांधल्या. त्यांची ग्रहताऱ्यांची कोष्टके फारसीत आहेत, समरकंदच्या उलुग बेग यांच्या कोष्टकांवर आधारलेली, आणि ती बादशहा मुहम्मदशहाच्या नावे अर्पण केलेली आहेत. राजा राजपूत, भाषा फारसी, आधार समरकंदचा, आणि वेध हिंदुस्थानच्या आकाशाचे.

परंतु पालकहो, येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. हे सारे सांगून झाले की, आपण टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. पूर्वजांनी तारे मोजले म्हणून आपल्याला काही आपोआप मिळत नाही. अस्-सूफींचे नाव घेणारा मुलगा जर नववीतून शाळा सोडून गॅरेजवर बसत असेल, तर त्या अभिमानाचा उपयोग काय? अभिमान खरा असेल तर तो मुलांच्या वह्यांत दिसला पाहिजे.

आणि उदाहरणासाठी हजार वर्षे मागे जाण्याचीही गरज नाही. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारताच्या भूमीवरचा पहिला अग्निबाण अवकाशाकडे सुटला. तेथल्या चर्चची इमारत हेच कार्यालय होते, आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरूनही नेले जात. त्या पथकात रामेश्वरमच्या एका नाववाल्याचा मुलगा होता. लहानपणी त्याने वर्तमानपत्रे वाटली होती. त्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सुटलेले ‘एसएलव्ही-३’ समुद्रात कोसळले. तेव्हा संस्थेचे प्रमुख सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर स्वतः पुढे होऊन जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी तेच वाहन यशस्वी झाले, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठविले. आपल्या हाताखालच्यांना आणि आपल्या मुलांना अपयशाच्या वेळी आपण कसे वागवितो, हे प्रत्येकाने मनाशी ताडून पाहावे.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात अलगद उतरले. इतक्या दक्षिणेला यशस्वीपणे उतरणारा भारत पहिला देश. त्यानंतर दहाच दिवसांनी, २ सप्टेंबरला, सूर्याचा अभ्यास करणारे ‘आदित्य-एल१’ निघाले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या कक्षेत पोचले. या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी. तामिळनाडूतील सेंगोट्टई या लहान गावातल्या त्या मुलगी, सरकारी शाळेत शिकलेल्या. माता-भगिनींनो, हे नाव घरी जाऊन मुलींना सांगा.

आता तुम्ही विचाराल, आम्ही काय करावे? दुर्बीण घेऊ नका. आधी डोळे आणि वही घ्या. रोज एकाच वेळी गच्चीवरून चंद्र कोठे दिसतो ते महिनाभर लिहून ठेवा. एप्रिल-मेमध्ये रात्री उत्तरेकडे सप्तर्षी पाहा. पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा वाढवून ध्रुवतारा शोधा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवीत गेलात तर दोन मुठींच्या जरासा वर ध्रुव सापडेल, म्हणजे सुमारे २१ अंशांवर. हाच आपल्या गावाचा अक्षांश. मक्केचा अक्षांशही सुमारे २१ अंशच आहे. अमरावतीच्या गच्चीवरून ध्रुव जितका उंच दिसतो, जवळपास तितकाच तो मक्केतूनही दिसतो. शहरात दिव्यांमुळे तारे हरवतात. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला गेलात तर संध्याकाळ बाजारात न घालविता एखाद्या अंधाऱ्या जागी मुलांना तासभर बसवा. आपल्या विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान मिळाला. अंधार जपण्यासारखा असतो, हे आता जगाने मान्य केले आहे.

आता त्या मुलीविषयी सांगून मी संपवितो.

२७ मे २०२४ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला. ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचे वडील गवंडीकाम करतात. आदल्या आठवड्यात ते मला भेटले होते आणि म्हणाले होते, ‘सर, पोरगी सायन्स म्हणते. कॉलेज दूर, क्लासचा खर्च वेगळा. आभाळ पाहून पोट भरते काय जी? दहावी झाली, पुरे झालं.’ मी पुष्कळ सांगून पाहिले. ते ऐकत होते, पण त्यांना पटत नव्हते, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती.

त्याच दिवशी दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी एक वेगळी गोष्ट घडणार होती. दरवर्षी मेच्या २७-२८ तारखेला आणि जुलैच्या १५-१६ तारखेला सूर्य मध्यान्ही काबा शरीफच्या नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जेथे जेथे ऊन असेल तेथे सूर्य किब्ल्याच्या दिशेला असतो, आणि कोणत्याही उभ्या वस्तूची सावली बरोबर त्याच्या उलट पडते. मेमध्ये आपल्याकडे त्या वेळी दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे होतात. ती मुलगी हे कोठेतरी वाचून आली होती. निकाल घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सर, सावलीसाठी काठी सरळ उभी आहे हे कसे समजणार?’ मी म्हणालो, ‘तुझ्या अब्बांकडे ओळंबा असतो ना?’

आम्ही तिघे त्यांच्या घराच्या गच्चीवर गेलो. त्या आठवड्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात होता. पाय भाजत होते. वडिलांनी बांबूच्या तिकटीला ओळंबा बांधला, वारा लागून हलू नये म्हणून त्याचे टोक पाण्याच्या बादलीत सोडले आणि घड्याळाकडे पाहत उभे राहिले. वेळ होताच दोरीच्या सावलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने खडूची रेघ ओढली. माझ्याहून कितीतरी सरळ. मग ते रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले. ‘सर, ही रेघ मावळतीला नेमकी जात नाही. जराशी उत्तरेकडे झुकली.’ होकायंत्र न लावता त्यांच्या डोळ्याने ते आठ अंश ओळखले होते. ‘नकाशात तर मक्का आपल्या सरळ मावळतीला आहे. मग असं काऊन?’

उत्तर मी दिले नाही. मुलीने घरातले टरबूज आणले. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर एकाच उंचीवर दोन खुणा केल्या आणि एक दोरा दोन्ही खुणांवर ताणून धरला. ताणलेला दोरा सरळ न जाता देठाच्या बाजूला, म्हणजे उत्तरेकडे, चढला. ‘अब्बा, पृथ्वी गोल आहे. गोलावर सर्वांत जवळची वाट अशी जाते. नकाशा सपाट असतो, म्हणून त्यात कळत नाही.’ त्या माणसाने तीस वर्षे भिंती उभ्या केल्या आहेत. सरळ कशाला म्हणतात हे त्याला कोणी शिकवावे अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्याने दोरा स्वतःच्या हाताने दोनदा ताणून पाहिला. मग मुलीकडे पाहून म्हणाला, ‘हे तुले शाळेत शिकवलं?’ ती म्हणाली, ‘नाही. मी वाचलं.’

ते त्या वेळी काहीच बोलले नाहीत. टरबूज कापले, आम्ही खाल्ले. जूनमध्ये त्यांनी तिचा अकरावी विज्ञान शाखेचा प्रवेश अर्ज भरला. त्यासाठी त्यांनी कोणते खर्च पुढे ढकलले ते मला ठाऊक आहे, पण ते त्यांचे आहे, मी सांगणार नाही. ती मुलगी उद्या शास्त्रज्ञ होईल, शिक्षिका होईल, की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. मी एवढेच सांगू शकतो की, आठवीत तिला मी खाली बसविले होते आणि तरीही तिने प्रश्न सोडला नाही. सगळीच मुले इतकी चिवट नसतात. पुष्कळशी एकदा खाली बसली की, पुन्हा उठत नाहीत.

म्हणून पालकहो, मुलाने गच्चीवर काही विचारले आणि तुम्हाला येत नसेल, तर ‘मला ठाऊक नाही, उद्या सरांना विचार’ असे म्हणा. आणि आम्हा शिक्षकांनाही येत नसेल, तर आम्ही ‘शोधून सांगतो’ असे म्हणू. मी तरी आज तुमच्यासमोर हा शब्द देतो. येत्या मेच्या २८ तारखेला दुपारी पावणेतीनला आपापल्या गच्चीवर एक ओळंबा लावा, आणि रेघ मुलांना ओढू द्या.